माशाने खाल्लेल्या चौदा छटा

शेडमास्तरांनी एखादी निवड करायला घेतली की घरात काय होते, हे शिट्टीबाईंना पडद्यांपासून माहीत होते. बैठकीच्या खोलीला कोणत्या रंगाचे पडदे घ्यायचे, हा प्रश्न लग्नाच्या तिसऱ्या वर्षी निघाला आणि सातव्या वर्षी सुटला. मधली चार वर्षे समोरच्या इमारतीने या घरातली जेवणे, भांडणे आणि समेट फुकटात पाहिले. पडदे लागले त्या संध्याकाळी समोरचे एक आजोबा जिना चढून आले आणि त्यांनी रीतसर नाराजी नोंदवली.

त्यामुळे यंदा शरदात प्रवाळ पाहायला कोणत्या समुद्रात बुडी मारायची, हे ठरवायचे काम नवऱ्याने अंगावर घेतले तेव्हा बाईंनी आधी कॅलेंडर पाहिले. पडद्यांना चार वर्षे थांबता येते. कानाला येत नव्हते.

कान डावा होता. कानाच्या डॉक्टरांनी त्यात बराच वेळ पाहून सांगितले होते, की हिवाळ्यात शस्त्रक्रिया करावी लागेल आणि त्यानंतर खोल पाण्यात जाणे कायमचे बंद. "या शरदात काय ते जाऊन या," ते म्हणाले. "पुढच्या शरदात काठावर बसून नवऱ्याचा टॉवेल धरायचा."

बाई नगरपालिकेच्या तरणतलावावर जीवरक्षक होत्या. उंच खुर्चीवर बसून, गळ्यात शिट्टी अडकवून त्यांनी एकतीस वर्षे एकच तळ पाहिला होता, निळ्या फरशीचा. त्यावर सापडलेल्या वस्तू त्या एका दमात सांगत: किल्ल्या, अंगठ्या, एक उकडलेले अंडे, आणि दातांची कवळी, तीही दोनदा, एकाच माणसाची. जिवंत असे तिथे कधी काही नव्हते. तळालाही जीव असतो, तो वाढतो, हे त्यांनी डायव्हिंग क्लबच्या लोकांकडून ऐकले होते. क्लबवाले तलावाच्या खोल कोपऱ्यात सरावाला येत. पंधरा वर्षे त्यांचे सिलिंडर सांभाळल्याबद्दल प्रशिक्षकाने बाईंना आणि मास्तरांना फुकट शिकवले आणि दोघांना प्रमाणपत्र दिले. तलाव वर्षातून एकदा, शरदात तीन आठवडे, साफसफाईसाठी बंद असे. रजा तेवढीच. समुद्रही त्याच दिवसांत नितळ असतो, असे क्लबवाले सांगत. म्हणजे वेळ ठरलेली होती आणि कानाने मुदतही घालून दिली होती. ठिकाण तेवढे राहिले होते.

"एकदाच जायचंय," बाई जेवताना म्हणाल्या. "तर जिथं प्रवाळ धडधाकट आहे तिथंच जाऊ. मेलेला तळ बघायला लांब कशाला जायचं? फरशी आहेच."

इथे त्यांचे चुकले. धडधाकट म्हणजे नेमके किती, हे मोजता येईल असे मास्तरांना वाटले आणि त्यांनी भाताचा घास परत ताटात ठेवला.

मास्तर रंगाच्या कारखान्यात शेड जुळवत. गिऱ्हाईक फुटक्या फरशीचा तुकडा, जुन्या साडीचा काठ, एकदा तर वारलेल्या पोपटाचे पीस घेऊन येई. मास्तर तसाच रंग डब्यात तयार करून देत. त्यांच्या हाताखालून एकही डबा तीन उजेडांत पाहिल्याशिवाय बाहेर जात नसे. खिडकीचा उजेड, ट्यूबचा उजेड, बल्बचा उजेड. मग तीन सह्या: जुळवणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि वापरणाऱ्याची. आणि नमुन्याला नाव नसे, नुसते अक्षर असे. नाव कळले की डोळा फितूर होतो, असे मास्तरांचे म्हणणे होते. कोणते अक्षर म्हणजे काय, हे एका बंद पाकिटात लिहिलेले असे आणि ते पाकीट रंगातले काही न कळणाऱ्या माणसाकडे राही.

"अहो, फोटो बघून ठरवू या की सरळ," बाईंनी एकदा सुचवून पाहिले.

"फोटो? अगं, कॅटलॉगातली भिंत आणि घरातली भिंत यांची आजवर कधी गाठ पडली आहे का?"

रंगातले न कळणारे माणूस म्हणून मास्तरांच्या धाकट्या बहिणीची नेमणूक झाली. नणंदबाईंचे औषधांचे दुकान होते. त्यांनी तीन देशांतली तीन डायव्हिंग केंद्रे निवडली, त्यांना अ, ब आणि क अशी अक्षरे दिली, नावे पाकिटात घातली आणि पाकीट विषारी औषधांच्या कपाटात कुलपात ठेवले. मास्तरांनी मजकूर सांगितला, तो त्यांनी तिन्हीकडे पाठवला. मजकूर असा होता:

"सोबत बाहेरच्या भिंतीचे शेडकार्ड पाठवत आहे. पाण्याने बिघडत नाही. ते घेऊन बारा मीटर खोल जावे, प्रवाळाला लावून धरावे आणि जो रंग तंतोतंत जुळेल त्याचा क्रमांक लिहावा. बॅटरी वापरू नये. नैसर्गिक उजेडातच पाहावे. घाई करू नये."

"दादा, हे लोक मला वेड्यात काढतील," नणंदबाई म्हणाल्या.

"तुला कशाला? सही माझी आहे."

आश्चर्य म्हणजे तिघांनीही उत्तर दिले. जगात एवढी सवड असलेली माणसे आहेत हे पाहून बाईंना बरे वाटले. वाईट एवढेच, की उत्तरे येईपर्यंत भाद्रपद संपत आला होता आणि तलाव बंद व्हायला दोनच दिवस उरले होते.

मंगळवारी नणंदबाईंनी ठिकाणांची नावे आणि तिकिटांचे शिक्के चिकटपट्टीने झाकून उत्तरे आणली. जेवणाच्या टेबलावर ती मांडली गेली. मास्तरांनी पडदा सारून खिडकीच्या उजेडात पाहिले, मग ट्यूब लावून पाहिले, मग टेबलावरचा दिवा लावून. बाई आणि नणंदबाई तोवर ताटे मांडीवर घेऊन जेवल्या.

क कडून टाइप केलेला सुबक तक्ता आला होता. वीस ओळी, एकाहून एक झगमगते क्रमांक. त्यात दोनशे बारा होता. दोनशे बारा हा लाल रंग मास्तरांनी अकरा महिने खपून तयार केला होता आणि तो आता समुद्राच्या तळाशी आहे ही ओळ त्यांनी मोठ्याने दोनदा वाचली.

अ कडून वहीच्या कागदावर पेनाने लिहिलेले उत्तर होते. राखाडी, ओले सिमेंट, चिखली, पुन्हा राखाडी. शेवटी लिहिले होते, "तीन वेळा पाहिले. असेच दिसते. क्षमस्व."

ब कडून कार्डच परत आले होते, पण अपुरे. त्याच्या कडेचा अर्धचंद्राएवढा लचका गेला होता. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत काही तुकडे आणि चिठ्ठी. "एक ते चारशे सोळा पाहून झाले होते. चारशे सतरा ते चारशे तीस माशाने खाल्ले. नंतर थुंकले. तुकडे जोडले आहेत. मासा बरा आहे."

"ब बाद," मास्तर म्हणाले. "कागदपत्रं अपूर्ण. अ तर मेलेलंच आहे. नुसतं सिमेंट. क पास."

आणि त्यांनी तीन सह्यांचा फॉर्म काढून क वर पहिली सही केली. पेन त्यांनी बाईंपुढे धरले. बाईंनी ते घेतले नाही. त्या क चा तक्ता पुन्हा वाचत होत्या.

"अहो, खाली लाल दिसत नाही."

"म्हणजे?"

"आमच्याकडे बुडालेल्याला वर काढायच्या सरावाला लाल रबरी वीट आहे. खोल कोपऱ्यात तळाला गेली की ती तपकिरी दिसते. पाणी लाल रंग आधी खातं. तिथं पाचच मीटर खोल आहे. बारा मीटरवर काय राहणार?"

"ते तुमच्या क्लोरीनमुळं."

"आता मला तलाव शिकवा. तुम्ही स्वतः पाहिलीये की वीट. सहा महिने खाली शिकत होतात."

मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

"दादा," नणंदबाई म्हणाल्या, "काय केलंस?"

"डोळे मिटून होतो."

"किती वेळ?" बाईंनी विचारले.

"सगळा वेळ."

"सहा महिने?"

"अगं, डोळे हे माझं हत्यार आहे. सुताराने रंधा पाण्यात घातलाय असं कधी पाहिलंयस का?"

डोळ्यांवर काचेचा मुखवटा होता, पाणी आत येत नव्हते, हे त्यांना मान्य होते. पण भरवसा नव्हता. प्रशिक्षकाला कधी शंका आली नाही. उलट त्याने मास्तरांच्या प्रमाणपत्रावर शेरा मारला होता: "अत्यंत शांत विद्यार्थी." तो शेरा बैठकीच्या खोलीत चौकटीत लावलेला होता. नणंदबाई उठून तो नव्याने वाचून आल्या आणि खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

गुरुवारी तलाव लोकांसाठी बंद झाला. शुक्रवारी सकाळी पाणी सोडायचे होते. बाईंनी तोच दिवस साधला, दोघांच्या पाठीला सिलिंडर बांधले, मास्तरांच्या हातात शेडकार्ड दिले आणि त्यांना खोल कोपऱ्यात खाली नेले. पाच मीटरवर गुडघे टेकल्यावर त्यांनी मास्तरांच्या काचेवर बोटाने टकटक केले. दार उघडेना म्हणून पुन्हा केले. तिसऱ्यांदा मास्तरांनी डोळे उघडले.

त्यांनी आधी बाईंकडे पाहिले, मग विटेकडे, मग कार्डावर दोनशे बारा काढला. बराच वेळ ते त्याच्याकडे पाहत राहिले. बुडबुडे यायचे थांबले तेव्हा बाईंनी त्यांच्या पोटात कोपर मारले.

वर आल्यावर मास्तर काठावर बसले. नाकातून पाणी गळत होते.

"मेला," ते म्हणाले. "दोनशे बारा गेला. चिखल झाला त्याचा."

"वर आणलात की पुन्हा लाल होतो. बघा."

मास्तरांनी पाहिले. लाल झाला होता. मग त्यांची नजर स्थिर झाली; घरी तीन उजेडांत पाहताना होई तशी. कारखान्यात अशा रंगाला ते दगाबाज म्हणत. एका उजेडात दोन रंग जुळे भाऊ दिसतात, उजेड बदलला की एकमेकांना ओळखतही नाहीत.

"म्हणजे खाली लाल, तपकिरी, राखाडी सगळे एकच दिसतात," ते हळूहळू म्हणाले. "अ वाला खरंच खाली गेला. जे दिसलं ते त्याने लिहिलं. आणि क वाल्याला बारा मीटरवर, बॅटरीशिवाय, दोनशे बारा दिसला? तो खुर्चीत बसून जुळवत होता! शेजारी फोटो ठेवून!"

"तेच म्हणते मी मंगळवारपासून."

"फसवलं त्याने आपल्याला. सही खोडतो." मास्तर आता ताठ बसले होते. त्यांनी टॉवेलाखालून वही काढली. "पद्धतच चुकली होती. कार्ड पाण्याखालच्या उजेडासाठी नव्याने बनवायला हवं. दर दोन मीटरला वेगळं. मग तिघांना नव्याने पत्र. छपाईला तीन आठवडे, टपालाला... आठ आठवड्यांत पक्कं सांगतो तुला."

बाईंनी शिट्टी वाजवली.

रिकाम्या तलावावर तिचा आवाज चारी भिंतींना आपटून परत आला. मास्तरांनी वही सोडली आणि दोन्ही हात वर केले. तलावावर आलेले सगळेच तसे करत.

"आठ आठवड्यांनी माझा कान कापलेला असेल," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पडद्यांना मी काही बोलले नाही. चार वर्षं अंधारात साडी बदलली. या वेळी नाही थांबणार. फॉर्म कुठंय?"

फॉर्म टॉवेलाखाली होता. त्यांनी वापरणाऱ्याच्या जागी ब लिहून सही केली. ओल्या हाताने सही थोडी पसरली.

"ब? अगं, ब चं कार्ड तरी पूर्ण आहे का?"

"म्हणूनच. पाण्यात रंगावर विश्वास नाही ठेवता येत, आत्ता तुम्हीच पाहिलंत. पण लचका खरा आहे ना? जिथं माशाला एवढी भूक आहे, की भिंतीचा रंगसुद्धा चाखून बघतो, तिथं खायला-प्यायला असणार. मेलेल्या घरात कोण जेवायला जातं?"

पण सही करायला मास्तर तयार होईनात. पाहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात सही केली नव्हती.

"मग पाहा आणि करा," बाई म्हणाल्या. "तिथं येऊन."

"तिथं यायचं म्हणजे नाव कळणार. तीन सह्यांच्या आधी पाकीट उघडलं तर सगळी तपासणीच बाद."

"नाव कळू देणार नाही. मी जीवरक्षक आहे. माणसाला न कळता कुठून कुठं न्यायचं, ते मला येतं."

संध्याकाळी नणंदबाईंनी तपासणाऱ्याच्या जागी सही केली. तपासले काय, असे मास्तरांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "वहिनीला तपासलं." मग त्यांनी कुलूप उघडून पाकीट वहिनीच्या हवाली केले, वर कापसाचे दोन गठ्ठे, डोळ्यांवरच्या पट्ट्या आणि भरपूर चिकटपट्टी दिली. तिकिटे? ती त्यांनी तीन आठवड्यांपूर्वीच काढून ठेवली होती. तिन्ही ठिकाणांची. दोन परत करता येत होती.

"दादाला मी जन्मापासून ओळखते," एवढेच त्या म्हणाल्या.

अशा रीतीने रविवारी शेडमास्तर डोळ्यांवर पट्ट्या, कानांत कापूस अशा अवस्थेत परदेशी निघाले. विमानतळावरच्या काउंटरवर ओळख पटवण्यापुरती पट्टी वर केली तेव्हा त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. कर्मचारी मुलीने मोठ्याने विचारले, कुठे चाललात?

"मला माहीत नाही," मास्तर म्हणाले. "आणि कृपा करून सांगू नका."

मुलीने बाईंकडे पाहिले. "डोळ्यांचं ऑपरेशन?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तत्त्व."

दोन विमाने, एक बस आणि एक होडी, असा तो प्रवास झाला. लोकांनी मास्तरांना जागा दिली, दारे उघडून धरली, एका बाईने त्यांच्या हातात सोललेले संत्रे ठेवले. खोलीवर पोहोचल्यावर बाईंनी खिडकीचे पडदे ओढून घेतले. "कोणत्या रंगाचे आहेत?" मास्तरांनी पट्टीआडून विचारले. बाईंनी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीवर त्यांनी स्वतःच्या हाताने मास्तरांच्या पट्ट्या काढून मुखवटा चढवला. केंद्राचा माणूस सोबत होता. त्याला सगळे समजावून सांगितले होते आणि त्याने काही विचारले नाही. माशाने कार्ड खाल्ल्याची चिठ्ठी त्यानेच लिहिली होती.

खाली जाताना बाई दर मीटरला थांबत होत्या. नाक दाबायचे, कान मोकळा करायचा, मग पुढे. उजवा लगेच सुटे. डावा हट्ट करी. आठ मीटरवर तो दुखला आणि बाईंना वाटले, इथूनच परत. त्या अर्धा मीटर वर आल्या, थांबल्या, पुन्हा नाक दाबले. डाव्या कानात टक् झाले आणि वाट मोकळी झाली.

बाराव्या मीटरला त्यांनी तळ पाहिला. लाल नव्हता. शेवाळी, तपकिरी, निळसर राखाडी, अ वाल्याने लिहिले होते तसाच. पण फांद्यांना फांद्या, ताटांवर ताटे, आणि प्रत्येक फटीत कोणीतरी राहत होते. प्रवाळ मरायला लागले की पांढरे पडते, असे क्लबवाले सांगत; तसे त्यांना कुठे दिसले नाही.

मग डाव्या कानात करकर सुरू झाली. आधी बारीक, मग चांगली मोठी, कोणी दाढेखाली खडे फोडावेत तशी. फुटला कान, बाईंना वाटले. त्यांनी मान वळवली तर आवाज उजव्या कानात गेला. पुन्हा वळवली, तो पुन्हा डावीकडे आला. आवाज बाहेरचा होता. चोचीच्या तोंडाचे मासे, चाळीस-पन्नास, दगडी तळ खरवडून खात होते, मागून वाळू सोडत होते आणि पुन्हा खात होते. एकतीस वर्षे ज्यावर काही हलले नव्हते तो तळ बाईंच्या डोळ्यांत होता, आणि हा तळ न्याहारीला बसला होता. त्या गुडघे न टेकता, हात न लावता तिथेच तरंगत राहिल्या. दुखऱ्या कानाने ऐकत राहिल्या.

मास्तर त्यांच्या शेजारी होते. डोळे टक्क उघडे. त्यांनी नवे कार्ड उघडून एका फांदीजवळ धरले. पान उलटतात न उलटतात तोच एक जाडजूड मासा आला, त्याने एकदा मास्तरांकडे पाहिले आणि लचका तोडला. मग चार तुकडे थुंकून तो निघून गेला. बाईंचा हात सवयीने शिट्टीकडे गेला. तिथे शिट्टी नव्हती. मग तितक्याच सवयीने त्यांनी तळाकडे चाललेले तुकडे एक-एक करून झेलले. चारही.

होडीवर मास्तरांनी टॉवेलही घेतला नाही. त्यांनी पिशवीतून ब चे जुने कार्ड काढले, नव्यावर ठेवले आणि दोन्ही अर्धचंद्र सूर्यासमोर धरले. मग होडीवाल्याकडून बॅटरी मागून घेतली आणि तिच्या उजेडात पाहिले. तिसऱ्या उजेडासाठी त्यांनी होडीवाल्याला काडी पेटवायला लावली. वाऱ्याने चार विझल्या. पाचवी टिकली.

"जुळतंय," ते म्हणाले. "तंतोतंत. एक दातसुद्धा इकडचा तिकडे नाही."

त्यांनी फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवला आणि तिसरी सही केली. मग बाईंनी दिलेले पाकीट फोडून आतले नाव वाचले.

"हं," ते म्हणाले. "हे नाव आधी कळलं असतं तर मी आलोच नसतो."

"का हो?"

"उगीच. नाव वाचून वाटतं, सगळं मेलेलं असेल." त्यांनी पाकीट घडी करून ठेवले. "आता झालं ना मनासारखं? उद्या सामान आवरायला घेऊ."

"उद्या पुन्हा खाली जायचंय. परवाही. रंगाला दुसरा हात लागतो, असं कोण म्हणतं घरी?"

मास्तरांनी मान हलवली. हे त्यांना पटण्यासारखे होते. होडीवाल्याने इंजिन चालू केले. डाव्या कानातले पाणी काढायला बाईंनी मान कलती केली, पण आत अजून बारीक करकर ऐकू येत होती, म्हणून त्यांनी ती पुन्हा सरळ केली.